लाकूड कसं सुकवलं, त्यावर ते किती भार पेलणार हे ठरतं : नवख्यांसाठी पायरीपायरीने

ओली फळी सुकली की मजबूत होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकाच ओंडक्यातून काढलेल्या दोन फळ्या घ्या. एक सावलीत वारा खात सुकलेली, दुसरी तापलेल्या भट्टीतून घाईने बाहेर काढलेली. दोन्ही १२ टक्के ओलाव्यावर आणून मोडल्या, तरी त्या सारख्या मोडतीलच असं नाही. लाकडाला मजबुती मिळते ती ओलावा गेल्यामुळे. सुकवण्याची पद्धत त्यात भर घालत नाही. चुकली तर मिळालेल्या मजबुतीतून वजाबाकी मात्र करते. ही वजाबाकी कमीत कमी कशी ठेवायची आणि झाली असेल तर कशी ओळखायची, ते पुढे दिलं आहे.

आधी पाणी कुठे असतं ते समजून घ्या

ताज्या कापलेल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. सुकताना आधी मोकळं पाणी जातं. तोवर फळीचं वजन उतरतं, पण लाकूड फारसं आकसत नाही आणि ताकदही जवळपास तेवढीच राहते. पोकळ्या रिकाम्या झाल्या पण भिंती अजून पूर्ण भिजलेल्या आहेत, या टप्प्याला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. बहुतेक जातींत तो २८ ते ३० टक्के ओलाव्याच्या आसपास येतो.

खरा खेळ त्याच्या खाली सुरू होतो. भिंतीतलं पाणी निघतं, तंतू जवळ येऊन एकमेकांना घट्ट धरतात आणि लाकूड आकसू लागतं. इथून पुढे ओलावा दर १ टक्क्याने उतरला की, ढोबळमानाने, तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची ताकद ५ टक्के, वाकण्याची ताकद ४ टक्के, तंतू एकमेकांवरून सरकवणारं कातरबल सोसण्याची ताकद ३ टक्के आणि ताठरपणा २ टक्के वाढतो. चिवटपणाचं, म्हणजे धक्का सोसण्याच्या क्षमतेचं, मात्र तसं नाही. तो सुकल्याने जवळजवळ वाढत नाही, कधी थोडा घटतोही, कारण ओलं लाकूड मोडण्याआधी जास्त वाकतं. म्हणून ‘लाकूड मजबूत झालं’ असं म्हणताना कोणती मजबुती, हे आधी विचारायला हवं. खांबाला दाबाची लागते, तुळईला वाकण्याची, कुऱ्हाडीच्या दांड्याला चिवटपणाची.

आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या वलयांना धरून होणारं आकसणं, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. सागवानात ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत हे आकडे ५.८ आणि २.५ टक्के आहेत. लांबीत मात्र सरळ तंतूंचं चांगलं लाकूड ०.१ ते ०.२ टक्केच आकसतं. पीळ, वाक आणि भेगा यांचं मूळ बहुतांशी या फरकात आहे.

पायरी १ : ओलावा मोजा, अंदाज करू नका

लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या टक्क्यांत सांगतात. त्यामुळे तो १०० टक्क्यांहून जास्तही येऊ शकतो; तो आकडा चूक नसतो.

फळीच्या टोकापासून निदान ३०० मिमी आत या, कारण टोक नेहमी जास्त सुकलेलं असतं. तिथून तंतूंच्या दिशेने २५ मिमी जाडीचा आडवा काप काढा. गाठ टाळा. करवतीचा भुसा झटकून काप लगेच वजन करा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. मग १०३° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत सुकवा. साधारण २४ तास लागतात.

काप ओला असताना ८६.४ ग्रॅम आणि कोरडा ६४ ग्रॅम भरला असं धरू. फरक २२.४ ग्रॅम, त्याला ६४ ने भागलं की ०.३५, म्हणजे ओलावा ३५ टक्के. काप काढला त्याच वेळी उरलेली फळी ४.८६ किलो भरली असेल, तर तिचं कोरडं वजन ४.८६ भागिले १.३५, म्हणजे ३.६० किलो. आता १२ टक्के ओलावा हवा असेल तर फळी किती भरायला हवी? ३.६० गुणिले १.१२, म्हणजे ४.०३ किलो. हा आकडा फळीवर खडूने लिहून ठेवा. ती फळी आता तुमची नमुना-फळी झाली. रोज तिचं वजन केलं की सगळ्या थप्पीची नाडी हाती लागते. एका थप्पीत अशा चार ते सहा फळ्या ठेवाव्यात. त्यांत सगळ्यात जाड, सगळ्यात ओल्या आणि गाभ्याच्या लाकडाच्या फळ्या असाव्यातच, कारण उशिरा सुकतात त्या याच.

टोचणीचा ओलावामापक सोयीचा आहे, पण ६-७ टक्क्यांच्या खाली आणि ३० टक्क्यांच्या वर त्याच्यावर विसंबू नका. जातीनुसार आणि तापमानानुसार दुरुस्ती करावी लागते. भट्टीतून नुकतीच काढलेली गरम फळी खऱ्याहून जास्त ओली दाखवते. फळीचा सरासरी ओलावा हवा असेल तर सुया जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागापर्यंत खोल जायला हव्यात.

पायरी २ : टोकं बंद करा आणि थप्पी नीट रचा

पाणी तंतूंच्या लांबीने आडव्या दिशेपेक्षा १० ते १५ पट वेगाने जातं. म्हणून उघडी टोकं आधी सुकतात, आकसतात आणि फाटतात. कापल्यावर काही तासांतच टोकांना मेणाच्या इमल्शनचा जाड थर द्या. दुसऱ्या दिवशी दिलात तर बारीक चिरा आधीच पडलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून मेण फिरवून त्या भरत नाहीत.

थप्पी जमिनीपासून ३० ते ४५ सेंमी उंच, सपाट पायावर रचा. दोन थरांत २० ते २५ मिमी जाडीच्या, आधीच सुकलेल्या पट्ट्या द्या. ओल्या पट्ट्यांचे डाग लाकडावर कायमचे बसतात. पट्ट्यांमधलं अंतर ४० ते ६० सेंमी, पातळ फळ्यांना ३० सेंमी. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी. ती सरकली की वरचं सगळं वजन फळीच्या आधार नसलेल्या जागी पडतं, फळीला वाक येतो आणि त्याच आकारात ती सुकते. वर छप्पर, त्याखाली वजन. ऊन थेट लागू देऊ नका.

पायरी ३ : पद्धत निवडा

*उघड्या हवेत सुकवणं.* लाकडाला उष्णतेचा त्रास होत नाही, त्यामुळे चिवटपणा पुरेपूर टिकतो. वाफेवर वाकवायच्या लाकडाला आणि हत्यारांच्या दांड्यांना ही पद्धत सगळ्यात मानवते. अडचणी दोन. लाकूड हवेच्या ओलाव्याखाली उतरत नाही. २०° से. आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ते १२ टक्क्यांवर थांबतं, ८० टक्के आर्द्रतेत १६ टक्क्यांवर; मग वर्षभर ठेवा नाहीतर पाच वर्षं. दुसरी अडचण सावकाशपणाची. ओलावा बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. निळसर डाग पाडणारी बुरशी ताकदीला फारसा धक्का लावत नाही, पण तपकिरी कूज वजनात जाणवण्याइतकी घट व्हायच्या आधीच चिवटपणा खाऊन टाकते. ‘हळू म्हणजे सुरक्षित’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे. वारा खेळता हवाच.

*ओलावा शोषणाऱ्या यंत्राची किंवा सौर भट्टी.* तापमान साधारण ५०-६०° से.च्या पलीकडे जात नाही, त्यामुळे लाकडाला उष्णतेची इजा नगण्य. नवख्याने पहिली भट्टी बांधायची तर सौर बांधावी. रात्री ती थंड होते, आतली आर्द्रता वाढते आणि दिवसभराचा ताण थोडा सैल पडतो, तोही आपोआप.

*नेहमीची गरम हवेची भट्टी.* ४० ते ८०° से., पंख्यांनी १ ते २ मीटर दर सेकंद वेगाची हवा. नीट चालवली तर अखेरची ताकद उघड्या हवेत सुकलेल्या लाकडाच्या जवळपास येते. भट्टीत सुकवलेलं लाकूड ठिसूळच असतं, हा समज घाईने चालवलेल्या भट्ट्यांमुळे पसरला आहे.

*१००° से.च्या वरचं सुकवणं.* मऊ लाकडाच्या, म्हणजे पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांच्या, फळ्या दिवसाभरात तयार होतात, पण किंमत मोजावी लागते. पेशीभिंतीतलं हेमिसेल्युलोज उष्णतेने तुटू लागतं. सेल्युलोजच्या धाग्यांना लिग्निनशी, म्हणजे भिंतीतल्या चिकटवणाऱ्या द्रव्याशी, बांधून ठेवणारा दुवा तोच. जात, जाडी आणि वेळ यांनुसार वाकण्याच्या ताकदीत १० ते २० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त घसरतो तो चिवटपणा, ताठरपणा मात्र जेमतेम हलतो. म्हणूनच नुसतं वाकवून पाहिल्यावर लाकूड ठीक वाटतं आणि धक्का बसला की मोडतं.

*निर्वात सुकवण.* दाब १०० मिलिबारवर आणला की पाणी सुमारे ४६° से.ला उकळतं. त्यामुळे कमी तापमानात, आठवड्यांचं काम दिवसांत होतं. रंग आणि चिवटपणा दोन्ही टिकतात. निर्वातात गरम हवा फिरवता येत नाही, म्हणून उष्णता तापलेल्या पत्र्यांनी किंवा रेडिओलहरींनी द्यावी लागते. यंत्र महाग. आणि जाड फळीवर घाई केलीत तर आतल्या भेगा इथेही पडतात.

निवड करताना एकच गोष्ट पक्की धरा. उष्णतेची इजा तीन गोष्टींनी मिळून ठरते : तापमान, वेळ आणि त्या वेळचा ओलावा. तेच तापमान ओल्या लाकडाला कोरड्याहून जास्त इजा करतं. ८०° से. शेवटच्या टप्प्यात चालतं, पहिल्या दिवशी चालत नाही.

पायरी ४ : भट्टी टप्प्याटप्प्याने तापवा

भट्टीत दोन तापमापक असतात, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दोघांमधला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी आणि सुकवण तीव्र. २५ मिमी जाडीच्या रेड ओकसाठी वापरात असलेलं वेळापत्रक पाहा. ओक हे भेगाळणारं, हट्टी लाकूड आहे, म्हणून शिकायला तेच चांगलं.

ओलावा ५० टक्क्यांच्या वर : ४३° से., फरक २°
५० ते ४० : ४३°, फरक ३°
४० ते ३५ : ४३°, फरक ४.५°
३५ ते ३० : ४३°, फरक ८°
३० ते २५ : ४९°, फरक १७°
२५ ते २० : ५४°, फरक २८°
२० ते १५ : ६०°, फरक २८°
१५ च्या खाली : ८२°, फरक २८°

३० टक्क्यांपर्यंत तापमान हललेलंच नाही, हे नीट पाहा. सुरुवातीला भट्टीतली आर्द्रता सुमारे ८७ टक्के असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काही सुकतच नाहीये. पुढचा टप्पा घड्याळ पाहून लावायचा नाही, नमुना-फळ्यांपैकी जास्त ओल्या अर्ध्या फळ्यांच्या सरासरीवर लावायचा. या जाडीच्या रेड ओकला दिवसाला ३.८ टक्क्यांहून जास्त ओलावा घालवू देऊ नका. जाडी दुप्पट, म्हणजे ५० मिमी झाली की ही मर्यादा १.५ टक्क्यांवर येते.

आत काय घडत असतं? सुरुवातीला बाहेरचा थर सुकतो आणि आकसू पाहतो, पण आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. बाहेरचा थर ताणला जातो. ताण फार झाला तर पृष्ठभागावर भेगा पडतात; फार झाला नाही तर थर ताणलेल्या आकारातच ‘बसतो’. नंतर आतलं लाकूड ३० टक्क्यांखाली येतं आणि आकसू पाहतं. आता बाहेरचा कडक थर त्याला अडवतो, ताण उलटतो आणि गाभा फाटतो. आत मधाच्या पोळ्यासारख्या भेगा होतात. याच वेळी पृष्ठभागावरच्या जुन्या भेगा दाबल्या जाऊन मिटतात. वरून फळी निर्दोष दिसते आणि रंधा मारल्यावर किंवा कापल्यावर आतलं कळतं.

या भेगांचा फटका सगळ्या गुणांना सारखा बसत नाही. खांबाच्या दाबाला त्या फारशा आड येत नाहीत. तुळईच्या मध्य-उंचीवर, जिथे कातरबल सर्वाधिक असतं, तिथे लांबच लांब भेग गेली तर ती तुळई एकावर एक ठेवलेल्या दोन पातळ तुळयांसारखी वागू लागते. खिळे, स्क्रू आणि सांधे यांची पकडही अशा भेगांजवळ सुटते. १०० मिमीपेक्षा जाड तुळयांमध्ये सुकल्याने मिळालेली बरीचशी ताकद या भेगाच परत घेतात, म्हणून एवढ्या जाड लाकडाच्या हिशोबात सुकल्याची वाढीव ताकद धरू नये.

पायरी ५ : ओलावा समान करा, ताण सैल करा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. ८ टक्के सरासरी हवी असेल, तर सगळ्यात कोरडी नमुना-फळी ६ टक्क्यांवर आली की भट्टीची हवा ६ टक्के समतोल ओलाव्याला (त्या हवेत लाकूड ज्या ओलाव्यावर थांबतं, त्याला) लावा आणि सगळ्यात ओली फळी ८ टक्क्यांवर येईपर्यंत तिथेच ठेवा. त्यामुळे कोरड्या फळ्या आणखी सुकत नाहीत. मग वाफ सोडून हवा लक्ष्याच्या वर न्या : कठीण लाकडाला ४ टक्के जास्त, म्हणजे १२, मऊ लाकडाला ३ टक्के जास्त. बाहेरचा थर ओलावा घेऊन फुगू पाहतो, आतल्या भागामुळे दाबला जातो आणि त्याचा ताणलेला आकार सैल पडतो.

ताण गेला की नाही, ते काट्याच्या चाचणीने पाहा. फळीतून २५ मिमीचा आडवा काप काढा, मधला भाग करवतीने कोरून काढून दोन दात उरतील असा घाट द्या, कंगव्याचे दोन टोकाचे दात उरावेत तसा. दात लगेच आत वळले, एकमेकांना भिडले, तर ताण शिल्लक आहे. सरळ राहिले तर काम झालं. बाहेर वळले तर वाफ जास्त झाली, आणि हे दुरुस्त करणं फार अवघड. लगेच सरळ राहिलेले दात दुसऱ्या दिवशी आत वळले, तर दोष ताणाचा नसून आतला भाग अजून ओला असण्याचा आहे. असा उरलेला ताण फळीला थेट कमजोर करत नाही, पण फळी मधोमध चिरली की दोन्ही अर्धुकं पन्हळीसारखी वळतात.

पायरी ६ : ताकद मोजून पाहा

दोन पद्धतींची तुलना करायची तर नमुने एकाच फळीतले, शेजारीशेजारी कापलेले हवेत. गाठी नकोत, तंतू कडेला समांतर हवेत. तंतूंचा उतार १० ला १ एवढा जरी असला तरी वाकण्याची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते, आणि तो दोष तुम्ही उगाच भट्टीच्या माथी माराल. २० × २० × ३०० मिमीचे नमुने करा, प्रत्येक पद्धतीचे निदान दहा. ते एकाच हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. नियंत्रित खोली नसेल तर झाकणाच्या हवाबंद पेटीत मिठाचा ओलसर, खाली न विरघळलेलं मीठ दिसेल असा लगदा ठेवा. त्यावर आर्द्रता ७५ टक्के राहते आणि लाकूड सुमारे १४ टक्क्यांवर स्थिरावतं.

आधारांमधलं अंतर २८० मिमी ठेवून मधोमध भार वाढवत न्या, एक ते दोन मिनिटांत मोडेल इतक्या गतीने. वाकण्याची ताकद : ३ × भार × अंतर, भागिले २ × रुंदी × उंचीचा वर्ग. १५०० न्यूटनला मोडला तर उत्तर ७८.७५ मेगापास्कल. ताठरपणासाठी सुरुवातीच्या सरळ रेषेतला भार आणि वाक घ्या. या मापाच्या नमुन्यात दर मिमी वाकाला लागलेल्या न्यूटनना ३४.३ ने गुणलं की मेगापास्कलमध्ये उत्तर मिळतं.

आता खरी मेख. हवेत सुकलेला नमुना १५ टक्के ओलाव्यावर ८० मेगापास्कलला मोडला आणि भट्टीतला ९ टक्क्यांवर ९२ ला. भट्टी जिंकली? दोन्ही १२ टक्क्यांवर आणा. १२ च्या वरच्या दर टक्क्याला ४ टक्के वाढवा, खालच्या दर टक्क्याला ४ टक्के घटवा. ही दुरुस्ती ९ ते १५ टक्के ओलाव्यातच लावावी. पहिला ८९.६ झाला, दुसरा ८१. भट्टीतलं लाकूड जवळजवळ १० टक्क्यांनी कमजोर निघालं. ओलावा न सांगता छापलेली ताकदीची तुलना वाचू नये, ती यासाठी.

मोडलेली जागाही पाहा. चिवट लाकूड ताणाच्या बाजूला लांब, चिरफळलेल्या धसांसह मोडतं आणि मोडताना बराच वेळ कुरकुरतं. उष्णतेने मार खाल्लेलं लाकूड खडूसारखं एकदम, जवळजवळ सपाट तुटतं. आकड्यांत घट छोटी दिसली तरी असा तुकडा हातात आला, तर ते लाकूड दांड्याला, शिडीला किंवा खुर्चीच्या पायाला देऊ नका.

पायरी ७ : सुकवलेलं लाकूड सांभाळा

भट्टीतून ८ टक्क्यांवर काढलेली फळी ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडी ठेवली तर काही आठवड्यांत पुन्हा १५-१६ कडे जाते, आणि वर दिलेल्या हिशोबाने वाकण्याच्या ताकदीतली जवळजवळ चौथाई सोडते. पट्ट्या काढून घट्ट रचा, प्लॅस्टिकने गुंडाळा, जमिनीवर टेकवू नका. बाजारातून आणलेल्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असला तरी ओलावा मोजाच. तो शिक्का गाभा ३० मिनिटं ५६° से.ला तापवून कीड मारल्याचा असतो, लाकूड सुकल्याचा नव्हे.

प्रत्येक थप्पीच्या टोकावर चार गोष्टी लिहा : जात आणि जाडी, पद्धत, गाठलेलं कमाल तापमान आणि त्या वेळचा ओलावा, अखेरचा ओलावा. वर्षभराने एखादी फळी अचानक मोडली, तर कारण शोधायला सुरुवात तिसऱ्या ओळीपासून करा.